दर्यापूरच्या शिवारातला दरोडेखोर

काल लेकीच्या शाळेतल्या नाटकात मिशी चिकटवायच्या डिंकाचा वास आला आणि मी वीसेक वर्षं मागे, दर्यापूरजवळच्या काळ्या शिवारात जाऊन पोचलो.

तेव्हा मी अमरावतीत रॉक बँडमध्ये गायचो. केस लांब, आवाज खडा, म्हणून एका सिनेमात मला दरोडेखोराचं काम मिळालं. कोठारं फोडून धान्य वाटणारा, लोकांनी गाण्यांतून जपलेला दरोडेखोर. कपाशीची ती वाईट वर्षं होती आणि सिनेमातल्या गर्दीत बसवलेली माणसं तिथल्याच गावची, कपाशी पिकवणारी होती. मी घोड्यावरून ओरडलो, "आता कोणी उपाशी राहणार नाही!" दिग्दर्शक 'कट' म्हणाला, तरी कोणी उठलं नाही.

पुढे बसलेले गावातले एक शेतकरी, रहीमचाचा, म्हणाले, "काहून थांबले भाऊ? बोला ना पुढं."

"इतकंच लिहून देलं हाये, चाचा."

"मंग आपल्या मनानं बोला. आमी आयकून राह्यलो."

बंडाची गाणी गाऊन मी कितीदा गळा बसवून घेतला होता. पण तिथं एक शब्द सुचेना. चिकटवलेल्या मिशीखाली घामानं ओठ चुरचुरत होता, घोडा पाय आपटत होता. शेवटी मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो. चाचांनी हळूच नजर वळवली.

भोळा माणूस, सिनेमा खरा समजला, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता ते पटत नाही आणि मन स्वस्थही बसत नाही. सिनेमा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या वर्षांत त्यांच्या गावात येऊन त्यांच्या बाजूनं मोठ्यानं बोलणारा दुसरा कोणी नव्हताच.