होनोरियोची सुरुवात

होनोरियो बारागान बांदोनेऑन, म्हणजे टँगोची ती मांडीवरची भात्याची पेटी, उत्तम वाजवतो, हे मी कबूल करते. पण माणूस म्हणून तो मला एक दिवसही आवडलेला नाही. आमच्या चौघांच्या ताफ्यात मी पियानोवर, म्हणजे बरोबर त्याच्या मागे. इतकी वर्षं त्याची मान बघत वाजवते आहे. तो चिडला की आधी ती मान लाल होते.

आणि चिडायचा कशावर, तर नाचणाऱ्यांच्या गप्पांवर. व्हिया लुरो वस्तीतल्या आमच्या क्लबात रविवारी दुपारी बास्केटबॉलच्या जागेत टेबलं मांडून नाच होतो. टँगो सुरू झाला की जोड्या लगेच नाचत नाहीत. समोरासमोर उभ्या राहून जरा बोलतात. गुडघा कसा आहे, सून काय म्हणते, मटण किती महागलं. सूर पुढे सरकला की मग एकमेकांना मिठीत घेतात. सूर लागताच नाचायला धावणारा माणूस एक तर परगावचा, नाहीतर उतावळा.

होनोरियोचा सगळा जीव मात्र त्या सुरुवातीत. प्रत्येक टँगोला तो स्वतःची सुरुवात रचायचा, आठवडाभर घरी घासायचा, आणि रविवारी ती कुणाच्या तरी सुनेखाली चिरडली जायची. मग मधेच थांबून खेकसायचा, "बाजार भरलाय का इथं?"

लोक हसायचे. सगळ्यात मोठ्यानं देल्मिरा. शिवणकाम करून म्हातारी झालेली बाई. तिच्यासारखं नाचणारं क्लबात दुसरं कोणी नाही, आणि तिच्या जिभेपेक्षा तिची कात्री परवडली.

"उस्ताद, तुम्ही हात चालवा, आम्ही तोंड चालवतो," ती म्हणायची. "पायांची पाळी आली की कळवू."

शेवटी एका रविवारी त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पुढच्या वेळी माझी सुरुवात गप्प राहून ऐकायची. नाहीतर पेटी उचलली आणि मी चाललो. मग नाचा तबकड्यांवर."

"जाशील कुठं?" देल्मिरा म्हणाली. "तुला घेतंय कोण?"

तो गेला की ताफा मोडला, आणि या वयात मला तरी कोण घेतंय? बसच्या थांब्यावर मी त्याला गाठलं. म्हटलं, जरा नमतं घे.

"झुलेमा, तू आपल्या पट्ट्या बडव," तो म्हणाला आणि बसमध्ये चढला. असा हा माणूस.

पुढच्या रविवारी जोड्या उभ्या राहिल्या, होनोरियोनं भाता उघडला, आणि कोणी बोललं नाही. देल्मिरानं आठवडाभर फोन करकरून सगळ्यांना बजावलं होतं. सगळे हात खाली सोडून, त्याच्याकडे तोंड करून उभे. खाऊ की गिळू अशी नजर. आत एम्पनाडा, म्हणजे मटणाच्या करंज्या, तळत होते, त्यांचा चरचराट तेवढा येत होता.

पहिल्या ओळी बऱ्या गेल्या. मग त्याच्या मानेवर घाम दिसला. डाव्या हाताचं बोट घसरलं आणि सूर भलताच लागला. त्यानं मागून पुन्हा धरलं, पुन्हा तिथंच घसरला. गप्पांच्या गलक्यात त्याच्या अशा किती चुका खपल्या असतील, देव जाणे. आजची चूक पार शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेली. अर्धा भाता उघडा ठेवून तो थांबला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

"ऐकलं, उस्ताद," देल्मिरा शांतपणे म्हणाली. "आता बोलू का आम्ही?"

होनोरियोनं मान हलवली. हो म्हणून.

सगळा क्लब एकदम बोलायला लागला, मुद्दाम, नेहमीपेक्षा मोठ्यानं. त्या गोंगाटात त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि असं वाजवलं की माझे हात पट्ट्यांवरच राहिले. एक बोट चुकलं नाही. ऐकणारी मी एकटीच होते, आणि ते मी त्याला कधी सांगणार नाही.