लोखंड उचललं म्हणून चढाई बंद?

गड्यांनो, आज सकाळचंच सांगतो. मी ईट गावचा, सुरतला कारखान्यात कामाला. तीन-चार वर्षं झाली, इथं जिममध्ये वजनं मारतोय.

गावच्या जत्रेत कबड्डी असते. आमचे कॅप्टन बापूभाऊ परवा फोनवर म्हणले, "लोखंड उचलून रेडा झालास. यंदा चढाई न्हाय, कोपऱ्यात उभा राहा." आमच्याकडं समजच हाय, खेळाडूनं जोर-बैठका माराव्या, लोखंडानं पाय जड होतात. मी दरवर्षी जत्रेला चढाईसाठीच तर सुट्टी काढतो.

जिमच्या सरांना विचारलं. म्हणले, "स्नायूत बारीक धागे असतात. काही सावकाश पण न दमणारे, काही झपाट्याचे. झपाट्याच्यातले काही लगेच गळतात. वर्षानुवर्षं वजन मारलं की ह्या गळणाऱ्यातले बरेच बदलतात, झपाटा ठेवून टिकायला लागतात. सावकाशवाले होत नाहीत."

म्हणून आज सुट्टीला कारखान्यातली पोरं मैदानावर गोळा केली. बापूभाऊंना व्हिडिओ कॉल लावला आणि लागोपाठ चढाया केल्या. पहिल्या चढाईत पूर्वीइतकाच वेग, जास्त न्हाय. पण पोरं धापा टाकत होती तेव्हाही माझा पाय उचलत होता. सगळं धाग्यांमुळंच झालं असं म्या म्हणत न्हाय, पण जड तर झालो नव्हतो.

बापूभाऊंनी सगळ्या चढाया बघितल्या. मग म्हणले, "ये. पण सुरुवातीला चढाईला न्हाय सोडणार. समोरचे दमले की तुला सोडतो."

तुमच्या गावात खेळाडूला लोखंड चालतं का?