अर्ध्या धावपट्टीचे नामदेवराव सर

धनज गावाहून मी विमान चालवायला शिकायला गेले, तेव्हा नामदेवराव सर विमानाखाली आडवे होऊन चाक तपासत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "मोटार चालवता येते काय?" मी नाही म्हटलं. "बेस झालं. वाईट सवयी नसतीन." एवढीच माझी प्रवेशपरीक्षा.

उतरताना विमानाच्या नाकानं वेग आवरायचा आणि इंजिनाच्या पॉवरनं उंची सांभाळायची, हे सर इतक्यांदा सांगत, की वर्गातल्या पंख्यालाही ते पाठ झालं असावं. मला मात्र झालं नव्हतं, हे मी पहिल्यांदा एकटी उडाले तेव्हा कळलं.

मी वर गेले आणि चौकीदाराच्या पत्नी वत्सलाबाई यांनी धावपट्टीवर सोयाबीन वाळत घातलं. विमान गेलं म्हणजे आता संध्याकाळीच येणार, एसटीसारखं, असा त्यांचा हिशेब. मी वळून पाहते तो अर्धी पट्टी पिवळी! गोळा होईस्तोवर घिरट्या घालायला टाकीत तेल नव्हतं.

रेडिओवर सर शांत होते. "अर्धी रिकामी हाय. आपल्याले पुरते."

पट्टीच्या तोंडाशी बाभळी. त्या ओलांडायच्या आधीच मी घाबरून पॉवर काढली. विमान खाली बसायला लागलं, तशी मी नाक वर ओढलं. ते आणखीच बसलं.

"नाक काहून ओढून राह्यली? पॉवर लाव! पुरी लाव!"

लावली. बाभळीचा शेंडा चाकाखालून गेला आणि मी न टेकता सोयाबीनवरून इतकी खालून उडत गेले की वाऱ्यानं निम्मं नालीत उडालं. एक फेरी मारून आले. दुसऱ्या खेपेला सर बोलत राहिले, "थोडी राहू दे... राहू दे... आता हळूहळू काढ." चाकं टेकली. विमान थांबलं तेव्हा पुढच्या चाकासमोर सोयाबीनची कड होती.

उतरले तर वत्सलाबाई कडाडत होत्या आणि आमचे सन्माननीय गुरुवर्य उकिडवे बसून नालीतलं सोयाबीन झाडत होते. मी रडत माफी मागितली. मान वर न करता ते म्हणाले, "सोयाबीन झाडून गोळा होते, पोरी. तुले कायनं गोळा केलं असतं म्या?" मग मीही झाडू घेतला.

आज सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. ते अजूनही पट्टीकडेला खुर्ची टाकून, रेडिओ हाती धरून बसतात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. माझी मुलगी चौथीत आहे, तिलाही उडायचं आहे. ती एकटी वर जाईल, तेव्हा खाली सरच असायला हवेत. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी तिला सोडणार नाही.