देवीपुढे वाजलेलं विलायती गाणं

प्रिय अन्वय आणि सई,

माझ्या कॉलेजच्या काळातली विलायती गाणी तुम्ही माझ्या फोनमध्ये भरून दिलीत, ती कानाला लावून मी नागपूरहून यवतमाळच्या एसटीत बसले. सर्वांत लाडकं गाणं लागलं तेव्हा मी मान डोलावली असावी. शेजारच्या बाईंनी काळजीने विचारलं, "मान आखडली काय जी?"

यवतमाळला गाडी बदलून बोरी अरबला उतरले. फाट्यावर कुसुम उभीच होती. कुसुम म्हणजे वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण. आम्ही दोघींनी मिळून त्याच लाडक्या गाण्याची रेकॉर्ड झिजवली होती. पुढे मी इंग्रजी शिकवत नागपुरात राहिले आणि ती लग्न होऊन इथे आली. आता ती गावच्या महिला भजनी मंडळाची प्रमुख आहे. दुसऱ्या दिवशी आर्णीच्या देवीच्या मंदिरात भजनस्पर्धा होती, आणि मी ती पाहायलाच यावं असा तिचा हुकूम होता.

हुकुमाचं कारण चहाबरोबर कळलं. स्पर्धेत सिनेमाची चाल चालत नाही. मागच्या वर्षी या बायकांनी सिनेमाच्या चालीवर भजन म्हटलं आणि मंडळ भर मंडपात बाद झालं. त्यानंतर गावातल्या सासवांना, सुनांनी भजनं सोडून घरात बसावं, हा मुद्दा आयताच मिळाला.

"यंदा बाद झालो तं मंडळ मोडलं समज," कुसुम म्हणाली. "पन यंदा म्या अशी चाल शोधली का परीक्षकाच्या बापाले नाही सापडनार. आयक."

तालमीला बायका अंगणात जमल्याच होत्या; ढोलकी सुरू झाली. पहिलं कडवं मी डोळे मिटून, भक्तिभावाने ऐकलं. दुसऱ्या कडव्याला डोळे उघडले. आमचंच गाणं होतं! मूळ गायक जिथे प्रेमभंगाने किंचाळतो, तिथे मुख्य गायिका शांताबाई 'अंबे माय' म्हणत होत्या. शांताबाई स्वतःच्या शेतातली कापसाची वेचणी सोडून तालमीला आल्या होत्या.

"इंग्रजी गानं सिनेमाचं थोडंच असते?" कुसुमने विचारलं. मी ठामपणे 'नाही' म्हटलं. हिंदी सिनेमा मी तत्त्व म्हणून कधी पाहिलेला नाही, आणि कुसुम लग्नानंतर तिकिटापेक्षा तुरीच्या भावात जास्त रमली. आम्हा दोघींइतकं अज्ञान एका घरात जमणं तसं कठीणच.

सकाळी एका गाडीत सगळं मंडळ कोंबलं गेलं. पेटी माझ्या मांडीवर आली. दोन्ही बाजूंना तुरीची पिवळी फुलं होती आणि मधे, म्हणायला, रस्ता. प्रत्येक खड्ड्यात पेटी आपला सूर लावत होती. मंडपातही तीच त्या दिवशीची सर्वांत शुद्ध गायिका ठरली असती, कारण आधीच्या मंडळांचं काय सांगू? तीन परीक्षकांपैकी दोघांना डुलकी लागली होती.

आमचं भजन सुरू झालं आणि लोक टाळ्यांनी ठेका धरू लागले. मग मागून कोणीतरी हिंदी शब्द म्हणू लागलं. बघता बघता अर्धा मंडप तेच शब्द म्हणू लागला. जागे असलेले परीक्षक गुरुजी उभे राहिले.

"बंद करा! हीरो पहाडावर मोटरसायकल चालवते, ते गानं व्हय हे. बाद!"

शांताबाईंचा चेहरा पडला. कुसुमने माझ्याकडे असं पाहिलं की मी माइकपाशी गेले. "गुरुजी, ही चाल विलायती आहे. सिनेमावाल्यांनी ती चोरली."

"म्हंजे चोरीचा माल देवीपुढं?"

"चोर ते, आम्ही नाही!"

"तुमी तरी इचारून आनली काय?"

मी सरळ पुरावाच दिला. फोन माइकला लावला. गिटार भोंग्यातून अशी कडाडली की झोपलेले दोन्ही परीक्षक जागे झाले. गायक किंचाळल्यावर बायकांतून आवाज आला, "काहून वरडून राह्यला हा? इंचू चावला का याले?"

त्या हशात शांताबाईंनी माइक हातात घेतला. "गुरुजी, हे तं माह्या आजीचं जात्यावरचं गानं व्हय. या गोऱ्यानंच आमचं नेलं." आणि त्यांनी तिथल्या तिथे त्याच चालीवर दळणाची एक ओवी रचून म्हटली. पुढे बसलेल्या, वेगवेगळ्या गावच्या म्हाताऱ्यांना लगेच आठवलं. "हो जी, आमच्याबी घरी म्हनत."

इतकं एकमुखी खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. गुरुजींनी म्हाताऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं, शहाणपणाने हार मानली आणि जाहीर केलं, "लोकपरंपरेची चाल. नियमात बसते."

नंबर आला नाही. उत्तेजनार्थ म्हणून एक स्टीलची बादली मिळाली. पण मंडळ वाचलं, आणि बादली शांताबाईंनी मंडपात आलेल्या आपल्या सासूबाईंना सहज दिसेल अशी हातात धरली होती.

मंदिरामागे रोडग्यांची (गोवऱ्यांच्या आगीत भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याच्या भाजीची पंगत होती. मी कुसुमला म्हटलं, "अगं, देवीच्या दारात सपशेल खोटं!"

"तुह्या गोऱ्यानं कोनापासून उचललं, ते सांग ना मंग."

हे मला माहीत होतं, आणि शिक्षिकेला माहीत असलेलं गप्प ठेवता येत नाही. "अमेरिकेत काळे मजूर कापूस वेचताना गात, त्यांच्या गाण्यांवरून. हे गाणं म्हणणाऱ्या त्या गोऱ्या पोरांनीच सांगितलंय."

शांताबाईंचा घास हातातच राहिला. "कापूस येचनारे? मंग म्या काय येगळं सांगतलं?"

निघताना त्यांनी ते गाणं फोनवर पुन्हा लावायला सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "वाईट नाही म्हनत. पोरगं जरा दमानं म्हनलं असतं तं जमलं असतं."

परतीच्या एसटीत मी ते दोनदा ऐकलं. माझ्या सगळ्या तरुणपणाचं गाणं आहे ते, आणि आता काही इलाज नाही. पोरगं खरंच घाई करतं.

तुमची,
आजी