लाल रंगाचे चोवीस महिने

ओडालिस पेर्दोमोच्या नाकावर राग असतो, हे तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बेकरीवाला तिला कालचा पाव द्यायला धजत नसे. चर्चमधले पाद्री तिच्याशी बोलताना आधी घसा खाकरून घेत. पण तो राग उकळत्या दुधासारखा होता, वर आला की लगेच खाली बसायचा. लाल रंगावरून तिला जो राग आला, तो मात्र खाली बसला नाही.

मायामी शहर पश्चिमेला जिथे संपतं आणि दलदल सुरू होते, तिथे एका कुंपणाआड तिची नोकरी होती. कुंपणाच्या आत झाड नाही, सावली नाही. उघड्या मैदानात लोखंडी मांडण्यांच्या रांगा, आणि त्यांवर दक्षिणेकडे तोंड करून, किंचित कलते ठेवलेले हजारो रंगवलेले पत्रे. वहीएवढा एकेक पत्रा. गाड्यांचे कारखाने नवा रंग काढला की त्याचे पत्रे इथे पाठवत. दोन वर्षं, पाच वर्षं ते नुसते उन्हात पडून असत. सकाळी दव, दुपारी आग, संध्याकाळी पाऊस. फ्लोरिडाचं ऊन जो रंग सोसेल तो कुठेही टिकेल, असा हिशेब.

ओडालिस तिथे लागली ती पत्रे धुण्यासाठी. क्यूबातून येऊन वर्षही झालं नव्हतं. थोरला भाऊ रिगोबेर्तो फरश्या बसवायला जायचा आणि ही मांडण्यांच्या रांगांमधून बादली घेऊन फिरायची. दहा वर्षांत ती तपासनीस झाली, कारण तिच्यासारखा डोळा तिथे कुणालाच नव्हता. प्रत्येक रंगाचा एक जोडपत्रा अंधाऱ्या कपाटात ठेवलेला असे. उन्हातला पत्रा त्याच्याशेजारी धरायचा आणि फरक लिहायचा. चकाकी मोजायला यंत्र होतं, पण यंत्राचा आकडा आणि ओडालिसचा डोळा जुळले नाहीत तर वेंडेल किचिंग्स, तिचा वरिष्ठ, यंत्र दुरुस्तीला पाठवायचा.

रंगांचे स्वभाव तिला माणसांसारखे पाठ होते. पांढरा सगळ्यात सोशिक. चंदेरी मळला तरी कुणाला सांगत नाही. काळा जातो कमी, पण त्याच्यावरचा प्रत्येक ओरखडा बोंब मारतो. आणि लाल? "लाल म्हणजे लग्नातला नवरदेव," ती म्हणायची. "पहिल्या वर्षी बघावा. पुढचं विचारू नका मला."

तीनशे सतरा क्रमांकाचा लाल मात्र पहिलं वर्ष असा काही झळकला की ओडालिसलाच आपल्या बोलण्याची लाज वाटली. पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा, आतून उजेड असलेला. बारा महिन्यांच्या तपासणीत तिने सगळीकडे 'उत्तम' लिहिलं. पंधराव्या महिन्यात चकाकी उतरली. अठराव्यात तो गुलाबी पडला, धुवट लुगड्यासारखा. एकविसाव्यात वरचा पारदर्शक थर पांढुरका झाला, आणि चोविसाव्या महिन्यात तिने नख लावलं तर उन्हाने भाजलेल्या पाठीची कातडी सुटावी तसा पोपडा हातात आला. तिने जाड अक्षरात लिहिलं, 'नापास.'

आठवड्याने उत्तरेकडून कारखान्याचा एक माणूस आला. गुळगुळीत दाढी, बोलणं लोण्यासारखं. तो वेंडेलच्या खोलीत तासभर बसला. तो गेल्यावर वेंडेलने ओडालिसला बोलावलं.

"तीनशे सतराचा अहवाल बारा महिन्यांवर थांबवायचाय," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "पुढचे आकडे त्यांना नकोत."

"नकोत म्हणजे? रंग गेला ना पुढे!"

"गाड्या वर्षभरापासून बाजारात आहेत, ओडालिस."

"मग लोकांना कळायला नको?"

"आपण खोटं काही लिहीत नाही. बारा महिन्यांना तो उत्तम होता. तुम्हीच लिहिलंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हाताऱ्याचं लग्नातलं छायाचित्र दाखवून त्याला तरणा म्हणायचं, असंच ना? शाबास!" तिने दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. पण दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. नवरा वारलेला, घराचं भाडं दर महिन्याला दारात उभं. वेंडेलने ते पत्रे मांडणीवरून उतरवून भंगारात टाकायला सांगितले. भंगारातले पत्रे कामगार घरी नेत, कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकत, गरम पातेल्याखाली ठेवत. ओडालिसने तीनशे सतराचा एक पत्रा पिशवीत टाकला. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. मागच्या बाजूला क्रमांक आणि तारखा कोरलेल्या होत्या. तिच्या ओट्यावर तो पत्रा काळ्या घेवड्याच्या पातेल्याखाली बसला.

कारखाना कोणता, गाडी कोणती, हे तिला ठाऊक नव्हतं. पत्र्यांवर नुसते क्रमांक असत.

त्याच वर्षी ऑक्टोबरातल्या एका रविवारी दारात हॉर्न वाजला. रिगोबेर्तो आला होता. एकसष्ट वर्षांचा, गुडघे फरश्यांनी खाल्लेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोरी गाडी घेऊन. आजवर त्याने दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या गाड्याच चालवल्या होत्या. त्याने अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि आरशाला चर्चमधल्या माउलीची तसबीर टांगली होती.

"बाहेर ये, पोरी! हात लावून बघ. हात पुसून लाव!"

ओडालिस उंबऱ्यातच थबकली. अंगणातल्या उन्हात तो लाल आतून पेटलेला होता. तिला क्रमांक वाचायची गरज नव्हती. हजार लालांतून तिने तो डोळे किलकिले करून ओळखला असता.

"काय झालं? आवडली नाही?"

"छान आहे," ती म्हणाली. "कागदांवर सही झाली?"

"झाली तर! त्याशिवाय देतात होय?"

"सावलीत ठेवत जा."

रिगोबेर्तो हसला. "लपवायला घेतली का मी? सगळ्या गल्लीने बघायला पाहिजे!"

ती गाडीत बसली. समुद्रापर्यंत दोघं जाऊन आली, वाटेत त्याने पेरूच्या गोड पुऱ्या घेतल्या आणि तुकडे सीटवर सांडू नयेत म्हणून तिला खिडकीबाहेर तोंड काढून खायला लावलं. ती खात होती आणि मनात स्वतःला शिव्या देत होती. हाच माणूस तिला तेराव्या वर्षापासून सांभाळत आला होता. सांगायला तोंड उघडलं की त्याचा चेहरा दिसायचा. रंगाची एखादी खेप चांगली निघत असेल, तिने स्वतःला समजावलं. ती थाप आहे हे तिला त्याच क्षणी कळत होतं.

थाप तीन उन्हाळे चालली. १९८९च्या जूनमध्ये बॉनेट गुलाबी पडलं, ऑगस्टमध्ये छपरावर पांढरे चट्टे उठले. डॉमिनोच्या सोंगट्यांच्या अड्ड्यावर म्हाताऱ्यांना तर आयतं कोलीत मिळालं.

"रिगो, गाडीला गोवर आलाय वाटतं!"

"गोवर कसला, सापासारखी कात टाकतेय. आतून नवी निघेल!"

रिगोबेर्तो हसण्यावारी न्यायचा. मग तो विक्रेत्याकडे गेला. तिथल्या टाय घातलेल्या पोरगेल्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "कशाने धुता?" पाखरांची विष्ठा, समुद्राची हवा, भांड्यांचा साबण, अशी एकेक गोष्ट तो बोटांवर मोजत गेला. शेवटी म्हणाला, "लाल रंग जपावा लागतो, काका. सगळ्यांना नाही जमत."

इथपर्यंतही ओडालिसने दातओठ खाऊन सोसलं असतं. पण त्यानंतर जे तिने पाहिलं ते तिला सोसवेना. एका सकाळी ती भावाकडे गेली तर तो गुडघ्यांखाली उशी घेऊन गाडीच्या दारापाशी बसला होता आणि मऊ फडक्याने, गोल गोल, मेण चोळत होता. शेजारी मेणाचे चार रिकामे डबे.

"माझीच चूक," तो मान वर न करता म्हणाला. "पहिल्या वर्षी मी खरंच भांड्यांचा साबण वापरला गं. आपल्याला कोऱ्या वस्तूची सवयच नाही. आपल्या हाताला जमत नाही."

"उठ!"

"एवढं दार होऊ दे."

"उठ म्हणते ना! टाक ते फडकं!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारणीने पडदा सरकवला. "तुझा हात नाही, साबण नाही, पाखरं नाहीत! रंगच नासका आहे. तो माझ्यासमोर मेलाय, चोवीस महिन्यांत मेलाय. त्यांना ठाऊक आहे!"

रिगोबेर्तो हळूच उठला. "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

ओडालिस मेणाचे रिकामे डबे गोळा करायला लागली.

"पहिल्या दिवशी तू म्हणालीस, सावलीत ठेव," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, आणि तिला तो चढलेला हवा होता. "त्या दिवशी ठाऊक होतं."

"हो."

"तीन वर्षं लोक मला हसले. तीन वर्षं मी स्वतःला गावंढळ म्हणत होतो. आणि तू माझ्याशेजारी बसून पुऱ्या खात होतीस." त्याने फडकं बादलीत टाकलं, घरात गेला आणि दार लावून घेतलं.

त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. फोन उचलेना, रविवारी येईना. ओडालिस चडफडत राहिली: कारखान्यावर, वेंडेलवर, त्या टायवाल्यावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण बाकीच्यांना निदान त्यातून काही मिळालं होतं.

गाडीच्या तक्रारींसाठी एक लवाद असे. त्याच्यापुढे गाडीमालक आणि कारखान्याचा प्रतिनिधी समोरासमोर बसत आणि तिसरा त्रयस्थ निकाल देई. अर्जाचा कागद तिने स्वतः भरला आणि भावाच्या दाराखालून आत सरकवला. दोन दिवसांनी तो सही होऊन तिच्या टपालपेटीत आला. सोबत चिठ्ठी नव्हती.

सुनावणी फेब्रुवारीत झाली. लांब टेबल, पाण्याचा जग, आणि पलीकडे कारखान्यातर्फे तोच गुळगुळीत दाढीचा माणूस. ओडालिसला त्याने ओळखलं नाही. पत्रे धुणाऱ्या-तपासणाऱ्या बायकांकडे तो कशाला बघेल?

"आमच्या रंगाची उत्तम चाचणी झालेली आहे," तो निकाल देणाऱ्या बाईंना सांगत होता. "दुर्दैवाने काही ग्राहक निगा राखत नाहीत. चुकीचा साबण, चुकीची जागा..."

रिगोबेर्तोची मान खाली गेली. ओडालिसने ते पाहिलं. तिने पिशवीतून पत्रा काढला आणि टेबलावर आपटला. जगमधलं पाणी हिंदकळलं.

"ह्याला विचारा साबण कोणता लावला!" ती म्हणाली. "शुद्ध पाण्याशिवाय काही लावलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत धुतलाय. ह्याला कुणी रस्त्यावर उभा केला नाही, समुद्रावर नेला नाही. चोवीस महिने मी ह्याची निगा राखली, आणि बघा!" तिने नखाने खरवडलं. गुलाबी पापुद्रा उठला आणि कारखान्याच्या कागदांवर पडला. "मागे क्रमांक आहे. तारखा आहेत. त्यांचा अहवाल बारा महिन्यांवर का थांबतो, ते ह्यांना विचारा. हे स्वतः आले होते थांबवायला!"

त्या माणसाचा चेहरा उतरला. "ही आमच्या मालकीची वस्तू आहे. ही तुम्हाला कुठे मिळाली?"

"तुमच्या भंगारात. माझं नाव लिहून घ्या. ओडालिस पेर्दोमो. दोन शब्द आहेत, चुकवू नका."

निकाल देणाऱ्या बाईंनी पत्रा उलटसुलट केला, चष्मा काढला, पुन्हा घातला. गाडी कारखान्याच्या पैशाने संपूर्ण रंगवून द्यावी, असा निकाल आला. एक गाडी. त्या रंगाच्या बाकी हजारो गाड्यांबद्दल त्या कागदात अवाक्षर नव्हतं.

सोमवारी वेंडेलने ओडालिसला काढून टाकलं. त्याचे डोळे ओले होते, त्यामुळे ती आणखीच भडकली. "रडू नका. तुम्हाला कुणी काढलेलं नाही," ती म्हणाली आणि आपला कपाटातला डबा घेऊन कुंपणाबाहेर पडली.

पुढे ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. पगार कमी, उभं राहणं जास्त. आणि दर शनिवारी तिने नवाच उद्योग सुरू केला. मोठ्या बाजारांच्या वाहनतळांवर ती उन्हात फिरायची आणि पोपडे सुटलेली लाल गाडी दिसली की काचेच्या वायपरखाली चिठ्ठी खोचायची: 'ही तुमची चूक नाही. ह्या पत्त्यावर तक्रार करा. साक्षीला मी येते.' खाली तिचं नाव आणि फोन नंबर.

तिसऱ्या शनिवारी तिच्यामागे एक गाडी हळूहळू येऊन थांबली. पांढरी. फेररंग करताना रिगोबेर्तोने सोशिक पांढराच मागून घेतला होता.

"बस," तो म्हणाला. "पायी फिरून किती गाड्या होणार तुझ्या?"

"माझ्यावरचा राग गेला?"

"नाही." त्याने दार उघडून धरलं. "बस."

त्या दुपारी जॉर्जिया राज्याच्या वळणाचं बोलणाऱ्या एका म्हातारीने ओडालिसला वायपरला हात घालताना पकडलं. चिठ्ठी वाचून ती संकोचाने हसली. "नाही हो, ह्यात माझाच हलगर्जीपणा. मी आंब्याच्या झाडाखाली लावते ना, चीक पडतो. त्या दुकानातल्या मुलाने समजावून सांगितलं मला. फार सभ्य होता."

"तुमची चूक नाही."

"असं कसं, चीक तर..."

"तुमची चूक नाही म्हणतेय ना मी!" ओडालिस अशी कडाडली की ढकलगाड्या घेऊन जाणारी माणसं जागच्या जागी उभी राहिली. रिगोबेर्तोने गाडी बंद केली आणि खाली उतरून तो त्या बाईंच्या सामानाच्या पिशव्या उचलू लागला.