फितीपलीकडचं सलाइन

पोरीने डोळे पांढरे केले तेव्हा माझ्या हातात तबक होतं, तबकात कात्री होती आणि सलाइन नव्या दवाखान्याच्या बंद दाराच्या आत होतं. दाराच्या दोन्ही कड्यांना लाल फीत गुंडाळून गाठ मारलेली. ती परदेशच्या पाहुण्यांनी कापायची होती. पाहुणे सुलतान बाजारात साड्या बघत होते.

पोर जेमतेम चालायला लागलेली. रात्रीपासून जुलाब, उलट्या. चमच्याने घातलेलं पाणी ओठांतून बाहेर येत होतं. तिची आई मागच्या वस्तीतली. "अम्मा, बच्ची आंखां नै खोल री," एवढंच मला परत परत सांगत होती.

"सुई आत्ता लावायला हवी. मोठ्या दवाखान्यापर्यंत ही टिकायची नाही," नर्स म्हणाली, आणि मॅनेजरच्या तोंडाकडे बघत राहिली.

मॅनेजर पुण्याहून आलेला, बोलायला गोड. "दहाच मिनिटं, मावशी. पाहुणे कोठीच्या बाजारातून निघालेत."

"कोठीहून दहा मिनिटांत इथे नल्लकुंट्याला? उडत येतायत का?" मी म्हटलं.

सलाइन आत का होतं, तर संस्था वाढली म्हणून. ती सुरू झाली तेव्हा तिला नावही नव्हतं. आमच्या बाईंचा व्हरांडा होता. सकाळी तिथे वस्तीतली पोरं अक्षरं गिरवायची, दुपारी त्याच सतरंजीवर एक नर्स त्यांच्या आयांना औषध द्यायची. मी झाडायची, पाणी उकळायची, खिचडी करायची. बाई गेल्या. त्यांच्या फोटोला हार लागला आणि मुंबई-पुण्याची शिकलेली माणसं यायला लागली. पाटी आली, व्हॅन आली, काचेचं ऑफिस आलं. आफ्रिकेतही आमची शाळा आहे म्हणतात. असेल. इथली पोरं ज्या सतरंजीवर बसायची तिच्यापुढे मात्र त्यांनी दोरी लावली. कारण बाईंच्या व्हरांड्याचं आणि औषधांच्या खोलीचं प्रदर्शन केलं: संस्था कशी सुरू झाली ते पाहुण्यांना दाखवायला. त्यासाठी औषधांचं कपाट आदल्या दिवशीच नव्या दवाखान्यात हलवलं आणि दाराला फीत बांधून टाकली. उद्या कोणी आजारी पडेल, हे एवढ्या शिकलेल्या माणसांतल्या एकालाही सुचलं नाही. दवाखाना चालवणारी माणसं ही.

मलाही प्रदर्शनातच धरलं होतं. सर्वांत जुनी म्हणून नवी साडी नेसवून तबक हातात दिलं होतं. हसायचं, एवढंच काम.

मी कात्री उचलली.

"मावशी! ती पाहुण्यांची आहे!" मॅनेजर ओरडला.

"पाहुण्यांना दुसरी आण."

कात्री बोथट होती. मखमलीची मूठ आणि धार नाही. करवतीसारखी घासली तेव्हा फीत तुटली. दार उघडलं तशी नर्स आत धावली. पोरीच्या हाताला शीर सापडेना, शेवटी पायाला सापडली. मी पाय दाबून धरला. आईला म्हटलं, "रडू नको, डोकं धर तिचं." तिने धरलं. बाहेर मॅनेजर कोणाला तरी विचारत होता, फीत उरली आहे का?

उरली होती. पाहुणे आले तेव्हा दार ओढून घेऊन नवी फीत बांधलेली होती. ती त्यांनी कापली, टाळ्या झाल्या. आत खाटेवर पोर दिसली तशी एका पाहुणीने छातीला हात लावला. संस्थेच्या डायरेक्टरने माइकवर सांगितलं, "आम्ही आजच एक जीव वाचवला." फोटोवाल्याने पोरीच्या आईला पदर नीट करायला लावला आणि मला बाजूला सरकायला सांगितलं. मी सरकले. नर्स नव्हती सरकत, तिच्या हातात नळी होती.

संध्याकाळी पोरीने डोळे उघडले, पाणी मागितलं, प्यायली. दुसऱ्या दिवशी आईच्या कडेवर घरी गेली.

पोर जगली.