टाकीचा निरोप

पेडण्यातल्या एका पंपघरात मी कामाला होतो. डोंगरापलीकडची टाकी भरली की रेडिओने इकडे दिवा लागायला हवा होता. पण डोंगर आडवा, निरोप पोचेना. टाकी वाहायची, नाहीतर नळ कोरडे.

माथ्यावर रिपीटर, म्हणजे निरोप झेलून पुढे धाडणारा डबा, बसवायला सावंतवाडीकडचा एक माणूस आला. ओठांत विडी, पण न पेटवलेली. माथा म्हणजे राखणदार देवाची जागा म्हणून गावकरी अडून बसले. तो हटेना. म्हणाला,

"गाऱ्हाणा घालणारो काय करता? तुमचा ऐकता, देवाक सांगता. पदरचा काय घालणा नाय. हो डबो तसोच."

हे पटलं तसं गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या म्हाताऱ्या गावकराने स्वतःच नारळ ठेवून राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

माथ्यावर डबा बसला आणि संध्याकाळी पंपघरात दिवा लागला. माझ्याही तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!"

तेव्हा कुठे शेजारी उभ्या त्या सावंतवाडीकडच्या माणसाने विडी पेटवली.